भाईंची बशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला सलीमभाईंचा हेवा वाटायचा.

छावणीत त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. रविवारी मात्र आमच्या मोटारसायकलींच्या घोळक्यापुढं त्यांची जुनी, धडधडणारी गाडी असायची. माझी नवी, दुप्पट ताकदीची. तरी घरून निघताना बायको विचारायची, "पुढं भाई आहेत ना? मग जा." ते वाक्य मला दिवसभर टोचायचं.

नवख्याच्या मुठीवर ते हळूच चापट मारत. "अरे, हँडल हाय का दुश्मन का गला? गरम भाकर धरतो तशी मूठ धर. दाबली की हात गेला." कुणी वेग वाढवू म्हटलं, की म्हणत, "जल्दी कशाची? डोंगर काय पळून चाललाय व्हय?"

त्यांचा एक कायदा होता. थांब्यावर प्रत्येकानं चहा बशीत ओतून प्यायचा. ज्याची बशी थरथरली त्याचे हात बधिरले. मग त्यानं पुढं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीनं यायचं. मात्र आपली बशी आपण सांगायची नाही, शेजारच्यानं सांगायची. "आपल्या हाताबद्दल माणूस झूट बोलतो," भाई म्हणत. माझी बशी त्यांनी किती वेळा सांगितली! "दत्ता पुढं!" की मंडळी हसायची, "चला, आज बैलगाडी!"

एकदा दिवाळीनंतर नाशिकला निघालो. लासूर स्टेशनला चहाला थांबलो. भाई माझ्या शेजारी. त्यांची बशी हलली, चहा अंगठ्यावरून मनगटावर ओघळला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वाट पाहिली. मी हेल्मेटचा पट्टा ओढत म्हणालो, "सगळे ठीक दिसतायत. भाई, आज मी पुढं राहू?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "व्हय. रहा की."

मी गाडी पिळली. आरशात ते लहान लहान होत गेले आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं. येवल्याला आम्ही पुष्कळ वेळ त्यांची वाट पाहिली. "आज भाईच बैलगाडीत!" कुणीतरी म्हणालं, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ते आले, पण उतरेनात. मुठीवरची बोटं सुटतच नव्हती. मीच ती एकेक करून सोडवली. माझ्या कानाशी ते एवढंच म्हणाले, "आज भाकर दाबली रे मी."

त्यानंतर ते कधी आले नाहीत. गाडी विकून टाकली. गेल्या थंडीत वारले. कब्रस्तानाबाहेर मंडळी हळहळली, "वय झालं होतं. वेग झेपेना." मीही मान डोलावली.

आता पुढं मी असतो. निघताना बायको काहीच विचारत नाही.

लासूरला आम्ही अजून चहा बशीतच पितो. तिथं, सगळ्यांसमोर, शेजारच्यानं सांगायचं ते माझं सांगायचं राहिलं आहे: त्या दिवशी भाईंची बशी हलली होती, आणि मी ती पाहिली होती.