माझ्या घरून गेलेलं कडू जेवण

ज्याला आदल्या दिवशी खांदा दिला, त्याला तूच मारलंस का, असं दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं गेलं.

तो माझा लहानपणापासूनचा जोडीदार. आलापल्लीच्या अलीकडच्या आमच्या गावात तलावाची मासोळी धरणारी जी घरं आहेत, त्यातलं एक त्याचं, एक माझं. पहाटे जाळं काढायला निघाला आणि तलावाच्या पाळीखालच्या वाटेवर करंट लागून मेला. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरू नयेत म्हणून कुणीतरी उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली होती. लोक पोहोचेपर्यंत लावणाऱ्याने तार गुंडाळून नेलीसुद्धा. उरला फक्त खांबावर टाकलेला आकडा. त्यामुळे तार कुणाच्या बांधीची, हेच कुणाला सांगता येईना.

मला बोलावण्याचं कारण उघड होतं. मोटार बांधणं, स्टार्टर दुरुस्त करणं, पंखे फिरते करणं हा माझा धंदा. गावात विजेला हात लावणारा मी एकटाच आणि तो आकडा म्हणे फार सफाईने टाकलेला होता. त्यात आधीच्या बाजाराला माझं आणि त्याचं सगळ्यांदेखत भांडण झालेलं, मासोळीच्या वाट्यावरून. मी तापट माणूस, जिभेला हाड नाही. "तुले पाहूनच घेतो," असं मी ओरडलो होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच डोंग्यात बसून जाळं टाकलं, पण ते पाहायला तलावावर कोण येणार?

ठाण्यात जाण्याआधी मी अहेरीला फोन लावला. तिथल्या कोर्टात वकिली करणारा माझा शाळासोबती बौद्ध घरातला, संविधानातली कलमं त्याला पोरवयापासून तोंडपाठ. तो म्हणाला, "नाव सांग, गाव सांग. बाकी एक शब्द नाई. मी येऊन राह्यलो, पन सूरजागडच्या खाणीच्या ट्रकांनी रोड जाम हाये, टाइम लागन."

"मी काई केलंच नाई ना पन!"

"म्हणूनच गप राह्य. भांडणाचं एक वाक्य तोंडातून गेलं का कागदावर ते कसं उतरन, तुले काय माहीत? सोताच्या विरोधात बोलाची सक्ती कोनीच करू शकत नाई. हक्क हाये तुहा, कोनाचे उपकार नाई."

हक्क हा शब्द ऐकून मला धीर आला. माझ्यासारख्या माणसाला ठाण्यात असा काही हक्क असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

साहेब नवीन होते, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले. त्यांनी आवाज चढवला नाही, चहा मागवला. मी नाव-गाव सांगून म्हणालो, "वकील येईपर्यंत मी काही बोलणार नाही." ते म्हणाले, "ठीक आहे, तो तुमचा अधिकार आहे." मग ते आपले शांतपणे विचारत राहिले आणि मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. आकडा कसा टाकतात? त्या पहाटे कुठे होतात? इथवर जमलं. मग त्यांनी विचारलं, "मित्र होता ना तुमचा? पोरं किती त्याला?"

एवढ्याचंही उत्तर मी दिलं नाही. त्याची दोन्ही पोरं माझ्या दुकानात लोहचुंबक घेऊन खेळत मोठी झालेली, आणि मी तोंड मिटून बसलो. मला माझीच किळस आली. बसमध्ये सीटवरून भांडणारा, कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारा मी, आणि त्या खुर्चीत माझा पार दगड झाला होता.

बाहेर चिंचेखाली गावातली माणसं जमली होती. मेलेल्याचा थोरला भाऊ त्यांच्यातच होता. मला पाणी प्यायला व्हरांड्यात आणलं तेव्हा तो उठून समोर आला. रात्रभर रडून त्याचा चेहरा सुजला होता.

"भाऊ, तार तुवा लावली का?"

माझ्या शेजारी हवालदार उभा होता. एक शब्द नाही, असं वकिलाने बजावलेलं. मी गप्प.

"तार तुवा लावली का?"

मी मान खाली घातली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला होता. मी ग्लास ठेवला आणि आत जाऊन बसलो. कुणीतरी सायकल काढून गावाकडे गेलं, एवढं खिडकीतून दिसलं.

वकील आला, साहेबांशी बोलला. बोलावलं की हजर राहीन, असं लिहून घेऊन मला सोडलं. त्याच्या गाडीवर मागे बसून गावाकडे येताना माझी छाती जरा फुगलीच होती. एवढा वेळ बसूनही माझ्या तोंडून त्यांना काही मिळालं नव्हतं. वकीलही खूश होता. "पहिल्यांदाच कोनी माहं ऐकलं," म्हणाला.

गावात शिरलो तर समोरून माझी माय येत होती. डोक्यावर पदर, हातात रिकामा गंज. आमच्या घरातला सगळ्यात मोठा, लग्नकार्याला भात शिजवायचा. ती येत होती ती जोडीदाराच्या घराकडून.

"माय, कुठी गेल्ती?"

"कडू जेवण देऊन आली."

मी गाडीवरून उतरलो ते तसाच उभा राहिलो. कुणाकडे माती झाली की त्या घरात चूल पेटत नाही, दुसऱ्या दिवशी बाहेरून कडू जेवण येतं, हे सगळीकडेच आहे. ते सोयरे नेतात. पण आमच्या गावातली रीत अशी की माणूस कुणाच्या हातून मेला असेल, तर ते जेवण त्या हाताच्या घरून जातं आणि त्या घरची माय ते घेऊन जाते. ज्याच्यावर संशय, त्याला गावाच्या बैठकीत विचारतात तेही तीनदा. तीनदा विचारून जो गप्प राहिला, त्याने कबूल केलं. मेलेल्याच्या घरच्यांनी ते अन्न खाल्लं की विषय संपला, पुन्हा गावात कुणी तो काढायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं होऊ नयेत म्हणून म्हाताऱ्यांनी लावून दिलेली ही रीत. मी लहानपणापासून जाणतो. पण ठाण्याच्या व्हरांड्यात बैठक भरेल, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"माय, मी नाई लावली तार."

तिने गंज खाली ठेवला. "मंग सांगतलं काऊन नाई? तीनदा इचारलं म्हनते त्यानं. साऱ्याइसमोर."

"वकिलानं सांगतलं होतं गप राहाले."

"मले वकील-फकील नाई समजत बाबू. तू गप राह्यला. मंग मलेच जा लागलं."

"तुले वाटलं, मीच मारलं त्याले?"

"वाटलं," माय म्हणाली.

पोलिसांनी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. वकील गाडीला टेकून उभा होता. त्याला रीत समजावून सांगितली, तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं. "काकू, थे लोक आता हेच बयानात सांगतीन ना," तो म्हणाला. आणि सांगितलंच त्यांनी. ठाण्यात मी राखलेला शब्द न् शब्द मायच्या गंजातून तिकडे पोहोचला होता.

मी तसाच वहिनीकडे, जोडीदाराच्या बायकोकडे, गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, बाजूला धुतलेली ताटं पालथी घातलेली. "वहिनी, मी नाई लावली तार," मी म्हणालो. ओरडलोच म्हणा ना. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता.

"आता नका बोलू भाऊ. मी जेवली."

पुढे काही महिने मी ठाण्याच्या पायऱ्या चढलो. मग गावातल्याच एकाच्या खळ्यावर, तणसीच्या ढिगात, गुंडाळलेली तार सापडली. त्या साहेबांनीच शोधून काढली. त्याचा पोरगा कामाला शहरात जाई, तिथे वायरिंग शिकून आला होता, आणि बापाची बांधी राखायला त्यानेच आकडा टाकला होता. केसमधून माझं नाव काढलं. वकिलाने पेढे आणले. गावात मात्र कुणी माझ्याकडे येऊन, "तू नव्हता रे बाप्पा," असं म्हटलं नाही. जेवण झाल्यावर तो विषय काढायचा नसतो ना! याचा मला असा संताप येई की मी दुकानात एकटाच बडबडत बसे.

शेवटी मीच वहिनीकडे गेलो. ती अंगणात जाळं सांधत होती. म्हटलं, तुम्हाला कळलं असेल.

"कळलं भाऊ," ती म्हणाली. "त्या तारवाल्या पोराची माय आल्ती काल, गंज घेऊन. लय रडली. दारातच बसून राह्यली."

"मंग?"

तिने जाळं खाली ठेवलं.

"वापस धाडली. मी तं तुमच्या घरचं जेवून बसली ना भाऊ. आता तिच्या घरचं कसं जेवू?"