डेलमरची मोटरहोम आणि वर्लाचं नाक

आमच्या रिचफील्ड गावात वर्ला सोरेन्सनच्या नाकाला सगळे वचकून असतात. चर्चच्या जेवणात कुणी कालचे चीज-बटाटे गरम करून आणले, तर ती झाकण न उघडता सांगते. अशा बाईच्या नवऱ्यानं निवृत्त होताच चाकांवरचं घर दारात आणून उभं करावं, तेही संडाससकट! धन्य तो डेलमर.

राहतं घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य वाळवंटातल्या दऱ्या बघत काढायचं, असं त्याचं स्वप्न. वर्लानं त्याच घरात चार पोरं वाढवलेली, मागं जर्दाळू लावलेला. आठवडाभराच्या अबोल्यानंतर तोडगा निघाला. आमच्या युटा राज्यातली पाचही राष्ट्रीय उद्यानं फिरायची आणि शेवटच्या कड्यावर वर्लानं हो किंवा नाही सांगायचं. मग कुरकुर नाही. डेलमरला इतकी खात्री, की पठ्ठ्यानं घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

पहिल्याच दरीत वर्लाचं नाक आक्रसलं. आभाळाला टेकलेला लाल कडा, आणि त्याखाली फोटोसाठी घामट माणसांची रांग. पुढच्या उद्यानात निवडुंगावर कुणाचा तरी वापरलेला टिश्यू फुलासारखा अडकलेला. डेलमर खडकाच्या कमानींकडे बोट दाखवून म्हणे, "बघ तरी गं!" ही टिश्यूकडेच बघत बसे.

मोआब गावाजवळच्या मोटरहोमच्या तळावर तीन दिवस मुक्काम पडला आणि गाडीतच काहीतरी घमघमू लागलं.

"डेल, वास येतोय."

"सेजची झुडपं असतील."

"सेजमध्ये वाढलेय मी. हे सेज नाही."

नव्हतंच. तळावर गाडीचा मैल्याचा पाइप गटाराला जोडतात. पण टाकी भरेपर्यंत झडप बंद ठेवायची असते, म्हणजे सोडली की सगळं एकदम धुऊन जातं. डेलमरनं कटकट नको म्हणून आल्याआल्याच झडप उघडून ठेवली होती. पाणी गेलं वाहून. बाकीचं बसलं टाकीत, उन्हात भाजत.

तो गाडीखाली शिरला तसे शेजारपाजारचे घडीच्या खुर्च्या घेऊन जमले. मोटरहोमवाल्यांना दुसऱ्याच्या टाकीसारखी करमणूक नाही.

"झडप उघडी ठेवलीस ना, बाबा?" टेक्सासचा म्हातारा ओरिन खिदळला. "नवे सगळे ठेवतात! आता झडप लाव, संडासातून बर्फ ओत, थोडं पाणी टाक आणि गाडी पळव. खडे आपटून आपटून सगळं सुटेल."

वर्ला उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. डेलमरनं मात्र बर्फाच्या चार पिशव्या ओतल्या आणि शेवटच्या कड्याचा रस्ता धरला. वळणावळणाला मागं खडखडाट. वर्लानं डोकं खिडकीबाहेर काढलं, ते कड्यापर्यंत आत घेतलं नाही.

ऊन उतरलं होतं. खाली दरीमागं दरी, तांबडी, जांभळी. खरं सांगायचं तर वर्लासुद्धा क्षणभर नाक विसरली. डेलमरनं ते टिपलं आणि खुशीत खुर्च्या काढायला मागचं दार उघडलं.

बर्फ ओतल्यावर संडासाचं झाकण लावायला तो विसरला होता. बर्फाच्या खड्यांनी टाकी मोकळी केली होती खरी, पण वरच्या बाजूनं. गालिच्यावर, पडद्यांवर आणि वर्लानं हातानं शिवलेल्या लग्नाच्या गोधडीवर.

वर्लानं स्कार्फ नाकाला बांधला. मग गालिच्यापासून गोधडीपर्यंत एकेक वस्तू पाहिली.

"तर मग..." डेलमर दरीकडं बघत पुटपुटला, "हो की नाही?"

"डेल, आपल्या घरी संडासाची दांडी खाली केली की विषय संपतो. ते घर मी विकणार नाही."

त्यानं मान डोलावली. दुसरं करणार काय?

गाडी आता त्यांच्या अंगणात उभी असते. डेलमर दुपारी तिच्यात बसून दऱ्यांचे फोटो बघतो. वर्ला खिडकीतून त्याला जर्दाळूच्या केकची बशी देते, एका हातानं. दुसरा नाकावर असतो. मी कुंपणावरून हटकून विचारते, "वर्ला, दऱ्या कशा होत्या गं?"

"लाल," ती म्हणते आणि आत जाऊन हात धुते.