मायचं आणि माझं अवघड दुखणं

लग्नानंतर कितीतरी वर्षं माझी माय अमरावतीला माझ्या घरी आली नाही. अकोट काही परमुलखात नव्हतं. एस.टी. दर्यापूरवरून यायची, रस्ता खड्ड्यांचा होता, पूर्णेला पूर आला की गाड्या बंद पडायच्या, इतकंच. आमच्या आळीतल्या बायकांच्या आया चांदूर रेल्वेहून यायच्या, भातकुलीहून तर बैलबंडीत बसून यायच्या. ओट्यावर पाय पसरून नातवंडांच्या डोक्याला तेल लावायच्या. मी दारातून बघायची आणि आत जाऊन उगाच चुलीतलं लाकूड सारखं करायची.

आमचं घर माळ्याचं. अकोटच्या वेशीबाहेर बापाचा फुलांचा मळा होता, कडेने वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माय सकाळपासून पाटाच्या पाण्यात उभी असायची. हातात खुरपं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. भाजीची भरली टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात जायची आणि परत आली की पुन्हा पाण्यात. मला सातवीपर्यंत शिकवलं म्हणून अमरावतीच्या शाळेतल्या मास्तरांचं स्थळ आलं. लग्न ठरलं तेव्हा माय म्हणाली होती, "मोठ्या शयरात चालली. मी येत जाईन तुयाकडं." मी ते वाक्य धरून बसले.

पहिली दोन बाळंतपणं रीतीप्रमाणे माहेरीच झाली. मायच्या हातचा शेक, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, सगळं झालं. तिसऱ्या वेळी मात्र पावसाळा होता आणि पोट इतकं वर आलं होतं की प्रवास करायची सोय नव्हती. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. यांनी अकोटला निरोप पाठवला की मायला घेऊन या. आला तो माझा भाऊ एकटाच. हातात लाडवांचा डबा होता.

"माय?" मी विचारलं.

"तिले नाई जमत," तो म्हणाला आणि डबा खाली ठेवून पाय धुवायला गेला.

ते बाळंतपण फार लांबलं. मूल मोठं होतं, अंगही फाटलं. सुईणबाईने तिच्या परीने सगळं केलं, पण बाजेवर पडल्या पडल्या माझं लक्ष दाराकडे असायचं. दार वाजलं की वाटायचं, शेवटची गाडी पकडून आली असेल. पुढे काही दिवसांनी मी उठून कामाला लागले. घरात दुसरं कोण होतं? नळावरून पाण्याने भरलेली पितळी गुंडं आणायची, धुणं उचलायचं, कडेवर मधलं पोर घ्यायचं.

मग ते सुरू झालं. शेजारच्या बारशाला कोणीतरी गंमत सांगितली, मी हसले आणि बसल्या जागी लुगडं ओलं झालं. सगळ्या उठून गेल्या तरी मी भिंतीला टेकून बसून राहिले. खोकला आला, शिंक आली, गुंड उचललं, की तेच. संध्याकाळ झाली म्हणजे खाली काहीतरी उतरून आल्यासारखं जड वाटायचं. मी जुन्या लुगड्याच्या घड्या करून वापरायला लागले. त्या घड्या धुऊन न्हाणीच्या मागे, कोणाला दिसणार नाहीत अशा वाळवायची. ऊन तापलं की वास येईल या भीतीने दुपारचं हळदीकुंकू बंद केलं. लहानपणी भुलाबाईची गाणी म्हणताना माझा आवाज चार घरं पलीकडे जायचा आणि हसायला लागले की मला आवरायला दोघी लागायच्या. आता मी ओठ मिटून हसायला शिकले. पुढे तेही सुटलं. यांना वाटायचं, शहरात राहून बायको गंभीर झाली.

धाकटा दीडेक वर्षांचा असताना मी एकदा अकोटला जायला निघाले होते. गाडीत बसले. गाव संपून खड्डे लागले आणि पहिल्या चार धक्क्यांतच मला कळलं की हे आपल्याच्याने होणार नाही. पुढच्या थांब्यावर पोराला घेऊन उतरले आणि येणाऱ्या बंडीत बसून घरी परत आले. पोराला गाडी लागली, असं सांगितलं. त्यानंतर दर दिवाळीला काही ना काही निघायचं. पोरांची परीक्षा, यांची तब्येत, घराचं सारवण. भाऊबीजेला भाऊच इकडे यायचा. एकदा जाताना तो म्हणाला, "माय म्हणे, मास्तरणीले आता माळ्याच्या घरी करमत नसन."

आठवडाभर ते वाक्य धुणं धुताना, भाकरी थापताना मला पुन्हा ऐकू यायचं. जी स्वतः एकदाही आली नाही, तिने असं म्हणावं? राग यायचा आणि रागाच्या खालीच तिची इतकी आठवण यायची की पाटाच्या ओल्या मातीचा वास नाकात भरायचा. बाजारात शेवंती दिसली तरी मी तिकडून वळायची.

अशी वर्षं गेली. साठ साल उलटून गेलं होतं. थोरली पोर पेरूच्या झाडावरून पडली आणि तिचा कोपर मोडला. पट्टी निघाल्यावर हात वाकेना. डॉक्टर म्हणाले, एका अधिकाऱ्याची बायको बदलीमुळे गावात आली आहे, ती मुंबईला व्यायामाचे उपचार शिकली आहे, तिच्याकडे न्या. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तिला एक खोली दिली होती. जमिनीवर जाड गादी, भिंतीला उंच आरसा, धरून चालायला दोन लाकडी दांडे. पोलिओ झालेली मुलं तिथे यायची. बाई पस्तिशीच्या आतली, बांधा बारीक, पण पोरीचा हात धरला की तो हलकेच आणि नेमका धरायची.

एके दिवशी ती पोरीकडून हात वाकवून घेत होती आणि मी बाजूला उभी होते. मला शिंक आली. मी सवयीने पायात पाय अडकवून मांड्या आवळल्या. तिने ते पाहिलं. पोरीला चेंडू देऊन आरशापाशी पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "शिंकताना लघवी सुटते का तुम्हाला?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी गादीकडे बघत म्हणाले, "पोरं झाल्यावर सगळ्याच बायकांचं होते तसं."

"पुष्कळ जणींचं होतं," ती म्हणाली. "पण म्हणून ते तसंच राहू द्यायचं, असं कुठे आहे? उद्या तुम्ही एकट्या या."

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. पोरीला घेऊन जायची वेळ आली तेव्हा तिने मला एका शब्दाने टोकलं नाही, फक्त म्हणाली, "तुमची वाट पाहिली होती." त्या बोलण्याने मला भरून आलं. मग मी एकटी गेले.

तिने दार लावलं, पडदा ओढला. आधी सगळं समजावलं. कमरेच्या हाडांच्या खालच्या तोंडाला स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, पाळण्याला असते तशी. मूत्राची पिशवी, गर्भाची पिशवी त्या झोळीवर टेकलेल्या असतात. बाळंतपणात झोळी ताणली जाते, फाटते, आणि लगेच जड उचललं की आणखी ढिली पडते. "हात पट्टीत राहून आखडला, तर तुमची पोर तो पुन्हा हलवायला शिकते आहे ना? हाही स्नायूच आहे. शिकवला तर शिकतो." मग हातमोजा घालून तिने तपासलं. मी छताकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. ती म्हणाली, "गर्भाची पिशवी थोडी खाली आलीय, पण फार नाही. आता लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचे आहेत असं समजा, आणि आतून वर ओढा."

मी जीव एकवटून ओढलं.

"तोंड नका आवळू," ती म्हणाली. "तोंडाचा इथे काही संबंध नाही. श्वास चालू ठेवा. पोट ढिलं, मांड्या ढिल्या. फक्त आतून."

मला हसू फुटलं. हसताना नेहमीसारखंच झालं, आणि तिच्यासमोर त्याची लाज वाटली नाही.

घरी येऊन मी यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून सांगितलं एवढं आठवतं. मागे यांनी रिकामं गुंड उचलल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मले सांगाचं होतं ना. पाणी मी भरत जाईन." दुसऱ्या दिवसापासून मास्तर नळावर गुंड घेऊन उभे राहिले. आळीने चेष्टा केली. यांनी ती ऐकून घेतली.

मी दुपारी सतरंजीवर पाठ टेकून, गुडघे वाकवून तो व्यायाम करायची. आवळायचं, धरायचं, मग तितकंच सावकाश सोडायचं. सुरुवातीला काही कळायचंच नाही, पाण्यात मूठ मिटल्यासारखं. शिंक येण्याआधी, ओझं उचलण्याआधी आवळायची सवय तिने लावली. पोट साफ ठेवा, कुंथू नका, हेही सांगितलं. महिने गेले. मध्ये कंटाळून सोडलं, तिने पुन्हा धरायला लावलं. आणि उन्हाळ्यात मिरच्या कुटताना ठसका लागला, चांगला डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले, आणि लुगडं कोरडं. मी मुसळ बाजूला ठेवून तिथेच बसले. पहिला विचार आला तो अकोटच्या गाडीचा.

गाडीत मी खिडकीशी बसले. खड्डे आले तसे आवळत, सोडत गेले. दर्यापूरला उतरून चहासुद्धा प्यायले.

माय मळ्यात होती, पाटाच्या पाण्यात. मी तिला शेवटचं पाहिलं होतं त्यापेक्षा खूपच वाळली होती. मला पाहून ती पाण्याबाहेर आली नाही. खुरपं हातात तसंच धरून म्हणाली, "आली? रस्ता सापडला?"

मी चपला काढून तिच्याजवळ पाण्यात उतरले. सांगायचं ठरवून आलेच होते. सगळं सांगितलं, गाडीतून उतरून परत गेले तेसुद्धा. ती रोपाच्या मुळाची माती सारखी करत राहिली. बोलणं संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "मलेई तेच हाय वं."

"कधीपासून?"

"तू न्हानी होती तवापासून. आता त अंगच बाहीर येते. बसली का येते, हातानं आत लोटाव लागते." तिने लुगड्याचा ओला काठ हातात धरला. "पाटात असली म्हंजे लुगडं ओलंच रायते. कोनाले समजत नाई. गाडीत कुठं पाट हाय? मास्तराच्या घरी कुठं पाट हाय? जावयाच्या घरी कशी येऊ मी?"

मी लहानपणापासून पाहिलेलं ते ओलं लुगडं. लग्नांमध्ये ती कधी पंगतीत बसत नसे, वाढायला उभी असे. बाजारातून येताना विहिरीमागे आडोशाला जाई आणि आम्हा पोरांना तिकडे फिरकू देत नसे. हे सगळं मी पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं.

"माया बाळंतपणाले म्हनून नाई आली तू?" मी विचारलं.

"लाडू बांधले," ती म्हणाली. "रडत बांधले. तुया भावाले सांगतलं, काही बोलू नको."

त्या दुपारी फुलं साठवायच्या खोपीत, ओल्या पोत्यावर मी तिला आडवं केलं आणि व्यायाम शिकवला. ती म्हणाली, "आता माया जुन्या हाडाले शाळेत घालून राहिली का?" पण करून पाहिलं. तिलाही काही कळेना, तीही तोंड आवळायची. मी तसं सांगितल्यावर दोघी हसलो. तिचं दुखणं मात्र नुसत्या व्यायामापलीकडे गेलेलं होतं, एवढं मलाही समजत होतं. परत आल्यावर मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आणा त्यांना. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रबराची कडी बसवतात, अंग वर राहतं, ऑपरेशन नको असेल तर तिच्यावर निभतं. कडी मात्र वेळोवेळी काढून धुवायला आणि दाखवायला यावं लागेल.

मायला आणायला मी स्वतः गेले. गाडीत तिच्या खाली दुहेरी पोतं घातलं, वर माझी जुनी रजई. ती सगळा रस्ता माझा हात धरून होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कडी बसवली आणि तिला उभं राहून चालायला सांगितलं. माय खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, मग पुन्हा चालली. कोणी थांबवलं नसतं तर चालतच राहिली असती.

घरी आल्यावर ती प्रत्येक वस्तूला हात लावत फिरली. फळी, जातं, पोरांची दप्तरं. मधल्या खोलीत बाज होती. "इथंच बाळंतीण झाली होती काय तू?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती बाजेवर बसली. अगदी सहज बसली, कडेला नाही, मधोमध. तिने मला जवळ बसवलं आणि माझ्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवू लागली, बाळंतिणीला चोळतात तसा, वरून खाली. त्या वेळी धाकटा शाळेत जायला लागला होता. तिला तो सोहळा इतक्या वर्षांनी पुरा करायचा होता आणि मी तो करू दिला.

कडी दाखवायच्या निमित्ताने ती पुढे अधूनमधून येत राहिली. कधी शेवंती घेऊन, कधी मेथीची जुडी. ओट्यावर पाय पसरून बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. मग बाप आजारी पडला, तिचं येणं कमी झालं, आणि एका हिवाळ्यात साध्या तापाने ती गेली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची बदली त्याआधीच झाली होती. मला त्यांचा पत्ताही माहीत नव्हता.

मायचे ते थोडे दिवस मला मिळाले, हे मी जाणते. पण मन त्या दिवसांवर थांबत नाही. ते मागे जातं, त्या पावसाळ्यात. पूर्णेला पूर आहे, मी बाजेवर आहे आणि दार वाजतं. माय ओल्या लुगड्याने आत येते, आणि तिला ते ओलं का, म्हणून कोणी विचारत नाही.