दळवीकाकूंच्या दारातली टोपली

दळवीकाकूंच्या दाराबाहेर, पायपुसण्याच्या अलीकडे, एक टोपली ठेवलेली असायची. जुन्या लुगड्याच्या तुकड्याने झाकलेली. पण त्या तुकड्याची एक कड नेहमी दुमडलेली, आणि तिथून दिसणाऱ्या सुक्या बोंबलांवर आतल्या टीव्हीचा निळसर उजेड थरथरत पडायचा. टीव्हीतली बाई हसली की बोंबील उजळायचे, बातम्या लागल्या की विझायचे... माझ्या बालपणातलं दूरदर्शन मला असं आठवतं, मासळीवर पडलेल्या उजेडातून. तेव्हापासून जगात जे जे चकाकताना दिसलं, त्याला मी आधी नाकाने पारखत आले. माणसाने फार कौतुक करावं अशी ही सवय नाही, पण तिने मला पुष्कळ मूर्खपणांपासून वाचवलं आहे.

आमची कामगार कॉलनी बोईसरच्या कारखान्यांना अगदी लागून होती. वडील कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात होते. त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी शेंदरी असत आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानानेही त्या निघत नसत. कॉलनीमागचा नाला तर दर दिवशी नव्या रंगाचा – आज लाल, उद्या जांभळा. त्याच्यावरून येणारा वारा आंबूस, डोळे चुरचुरवणारा. पण संध्याकाळी वारा फिरला, की नवापूरच्या किनाऱ्याकडून खारट, वाळत घातलेल्या मासळीचा वास यायचा आणि आया खिडक्या उघडायच्या. गंमत अशी, की बाहेर नाल्याला सगळे रंग होते आणि कॉलनीतली माणसं दळवीकाकूंच्या घरी दाटीवाटीने बसून काळीपांढरी चित्रं बघत होती.

दळवीकाका सुपरवायझर. आमच्या इमारतीत टीव्ही आणणारे पहिले. गच्चीवर अँटेना उभी राहिली त्या दिवसापासून काकूंची चाल बदलली. मुलांनी पाय धुऊन यायचं, सतरंजीवर ओळीने बसायचं, मध्ये बोलायचं नाही. वारा सुटून अँटेना फिरली, की पडद्यावर मुंग्या नाचायच्या आणि काकू आमच्याकडे अशा बघायच्या, जणू त्या मुंग्या आम्हीच घरून आणल्या. त्या टीव्हीला त्यांनी स्वतः भरतकाम केलेला झगा शिवला होता. देव्हाऱ्यातल्या देवांना तो मान नव्हता.

या घराच्या दारात हिरूमावशी उभी राहायची. नवापूरची कोळीण, पाळी सुटून माणसं घरी परतायच्या वेळेला कॉलनीत यायची, टोपली संपत आली की दळवीकाकूंच्या दाराशी थांबायची, आणि एस.टी.ची वेळ होईपर्यंत चौकटीला खांदा टेकून टीव्ही बघायची. तिला आत या असं कुणी म्हटलं नाही. उभी राहू नका, असंही म्हटलं नाही; कारण काकूंना मासळीचे वाटे तिच्याकडूनच घ्यायचे असत. एकदा मीच म्हटलं, "मावशी, आत ये की." तर ती काकूंकडे न बघता म्हणाली, "नको गो. आमी हितनंच बगू. टोपलीला वास हाय, त्यांच्या घरात जायल." काकूंनी हे ऐकलं आणि पडद्यावरची नजर हलवली नाही.

मावशीला मालिका आवडत नसत. मागचं काय झालं ते ठाऊक नसायचं, पुढचं कळायच्या आत गाडीची वेळ व्हायची. तिला आवडायच्या जाहिराती. तेवढ्यात सुरू होतात, तेवढ्यात संपतात. पण त्या ती कधी भक्तिभावाने बघत नसे. साबण हातात धरून बागडणारी एखादी बाई दिसली, की म्हणायची, "एवढ्याशा साबनासाठी एवढी नाचते. हिला घरी काय काम नाय?" पांढराशुभ्र शर्ट मिरवणाऱ्या नवऱ्याला बघून, "ह्यो कामाला जातो का नुसता धुवायलाच देतो?" आम्ही मुलं तोंड दाबून हसायचो. काकूंचा चेहरा ताठ व्हायचा, कारण त्याच साबणाची वडी त्यांच्या मोरीत, दिसेल अशी ठेवलेली असायची.

मावशी काही सत्याची पुतळी नव्हती, हेही सांगून टाकते. आदल्या दिवशीचं पापलेट "आत्ताच होडीतनं उतरलंय" म्हणून एकवीरेची शपथ घेऊन खपवायची. पण आई त्या पापलेटाचे कल्ले उघडून दाखवायची, दोघी भांडायच्या, मावशी दोन बोंबील वर टाकायची, आणि भांडण तिथंच मिटायचं. तिच्या खोट्याला उलट बोलता येत होतं. टीव्हीतल्या बाईशी कोण भांडणार? ती गोड हसून खोटं बोलते आणि निघून जाते. जाहिरातीविषयी मला जे काही समजलं आहे ते एवढंच, आणि ते मला दारात उभ्या असलेल्या बाईमुळे समजलं. पुढे या विषयावर पुष्कळ विद्वानांची व्याख्यानं ऐकली. त्यांत चहा चांगला होता.

तर – मला लेखिका व्हायचं होतं. सातवीत होते. कॉलनीच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं: जाड कागद, रेशमी दोऱ्याने शिवलेली बांधणी, वरच्या पानावर रंगीत गणपती, आणि आत कॉलनीतल्या माणसांच्या कविता, पाककृती, प्रवासवर्णनं. एकच प्रत. मंडपात मूर्तीच्या उजव्या हाताला टेबलावर ठेवलेली असायची, आणि आरतीनंतर लोक ती उभ्याउभ्या चाळायचे, तळहातावरचा प्रसाद सांभाळत. त्या प्रतीत नाव येणं म्हणजे माझ्या लेखी साहित्यात प्रवेश.

संपादक प्रधानकाका. कारखान्यात हिशेबखात्यात, पण रविवारी झब्बा घालून फिरत आणि आपल्याला 'आम्ही लिहिणारी माणसं' म्हणत. अक्षर मात्र खरोखर देखणं. सगळं हस्तलिखित ते स्वतःच्या हाताने उतरवून काढत आणि उतरवता उतरवता सगळ्यांचं लेखन स्वतःसारखं करून टाकत, त्यामुळे आमच्या कॉलनीत एकच माणूस निरनिराळ्या नावांनी लिहितो असं वाटायचं.

त्या वर्षी मी हिरूमावशीची गोष्ट लिहिली. पहिलं वाक्य सुचायला पूर्ण श्रावण गेला. 'दुसऱ्याच्या दारात उभं राहून माणसानं किती दिवस बघायचं?' ते कागदावर उतरलं तेव्हा मला वाटलं, हे मी लिहिलेलं नाही, कुणीतरी माझ्याकडे ठेवायला दिलंय. पुढची पानं भराभर झाली. प्रधानकाकांनी चष्म्यावरून वाचलं, मान डोलावली, म्हणाले, "वा. ठेवून जा." मी मावशीला सांगितलं, की तुझ्यावर गोष्ट लिहिली आहे, ती गणपतीजवळ ठेवणार आहेत, तू ये, मी वाचून दाखवीन.

"माज्यावर?" ती टोपली उतरवायची विसरली. "माज्यावर काय लिवायचं, बाय?"

पण ती आली. गौरी गेल्यानंतरच्या संध्याकाळी, टोपलीशिवाय, न्हाऊन, अंजिरी रंगाचं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. डोक्यावर काही नसलेली मावशी मी पहिल्यांदा पाहत होते. ती एकदम उंच वाटली. हातात नारळ होता. मी तिचा हात धरून तिला थेट टेबलापाशी नेलं आणि पानं उलटू लागले. पाककृती. अष्टविनायक यात्रा. प्रधानकाकांच्या कविता, एकामागून एक. पुन्हा पाककृती... माझी गोष्ट नव्हती. मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. तोवर दळवीकाकू मागून आल्या आणि त्यांनी शेवटचं पान उघडून धरलं.

ते सबंध पान एक चित्र होतं. घरात टीव्हीसमोर हसतमुख कुटुंब, आणि दाराबाहेर, मान लांब करून आत डोकावणारी, पायाशी टोपली असलेली एक कोळीण. चित्राखाली प्रधानकाकांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं काकूंनी मोठ्याने वाचलं, "दुसऱ्याच्या दारात उभं राहून किती दिवस बघणार? आजच घरी आणा!" आणि त्याखाली स्टेशनजवळच्या टीव्हीच्या दुकानाचं नाव. भोवतीची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "अगदी हुबेहूब काढलीय हो." आणि मग एकेकाचं लक्ष मावशीकडे गेलं, आणि हसणं थांबायच्या ऐवजी दबकं झालं, ते जास्त वाईट.

मावशीला वाचता येत नव्हतं, पण चित्र दिसत होतं, आणि वाक्य तर तिने कानांनी ऐकलं होतं. तिने चित्रातल्या टोपलीवर बोट ठेवलं. मग मला म्हणाली, "हीच काय तुजी गोष्ट?"

मी मान हलवली, पण ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिलाच काय, मलाही कळलं नसेल. तिने नारळ देवापुढे ठेवला, प्रसाद घेतला, पदराने तोंड पुसलं आणि ती मंडपातून निघाली.

प्रधानकाका मंडपामागे सत्यनारायणाची तयारी करत होते. मी रडत होते, संतापाने, आणि त्या संतापाची धार आजही बोथट झालेली नाही. माझी गोष्ट कुठे आहे, असं मी विचारलं. त्यांनी प्रेमाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं वेडे, तुझ्या वाक्याला आख्खं पान दिलंय. तो दुकानदार मागे लागला होता, 'साहब, दो लाइन कुछ अच्छा लिख दो.' मला तुझंच आठवलं. गोष्ट कोण वाचतं? हे बघ, सगळे वाचतायत." गोष्टीचे कागद कुठे आहेत, तर इथेच कुठेतरी असतील. गोष्ट काय, पुढच्या वर्षीही घेता येईल.

कागद सापडले नाहीत. पुढच्या वर्षी हस्तलिखितही निघालं नाही. मंडपात व्हिडिओ आणला होता. आणि माझं वाक्य मात्र चाललं. दुकानदाराने ते स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने, माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत रंगवून घेतलं. एकेका घरावर अँटेना उगवत गेल्या. आमच्या घरी आला तो टीव्हीसुद्धा त्याच दुकानातून; वडील कौतुकाने दुकानदाराला म्हणाले, "तुमचं ते वाक्य फार छान आहे हो." मी त्यांना सांगितलं नाही. मूळ वाक्यात 'माणसानं' असा एक शब्द होता. प्रधानकाकांनी जाहिरातीसाठी तेवढा माणूस काढून टाकला होता, आणि त्याची उणीव आजवर कुणालाही भासलेली नाही.

मावशी कॉलनीत येत राहिली. आमच्या दारात पूर्वीसारखीच भांडायची, वर दोन बोंबील टाकायची. पण दळवीकाकूंच्या चौकटीला तिने पुन्हा खांदा टेकला नाही. विचारलं तर म्हणायची, "गाडी चुकते, बाय." टोपली रिकामी असो, भरलेली असो, ती जिना उतरून तडक स्टँडवर जायची आणि एस.टी. येईपर्यंत तिथे, धुळीत, उकिडवी बसून राहायची. त्या दाराबाहेरची जागा रिकामी झाली, आणि आम्हा मुलांना जाहिराती अगदी खऱ्या वाटू लागल्या.

मी पुढे पालघरला कॉलेजात गेले, तेव्हाच केव्हातरी मावशीचं येणं थांबलं. गुडघे गेले म्हणून सून येऊ लागली. नोकरी लागल्यावर एकदा मी नवापूरला तिच्या घरी गेले. अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकत होते, वाऱ्याने एकमेकांवर आपटून वाजत होते. घरात रंगीत टीव्ही होता, नातवंडं त्याच्यापुढे पसरली होती. आणि हिरूमावशी स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात बसली होती, चौकटीला खांदा टेकून.

"आत बस की, मावशी. तुझंच घर आहे."

"हितनंच बरा दिसते," ती म्हणाली. मग पडद्यावर कुणी बाई तेलाची बाटली गालाला लावून हसू लागली, आणि मावशी काही तरी बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. जाहिरात संपली. तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजी ती गोष्ट. तिच्यात पुडं काय व्हता?"

मी आठवू लागले. पानंच्या पानं भरली होती मी. मावशीच्या हातांविषयी काही होतं, होडीवर गेलेल्या तिच्या धाकट्या भावाविषयी होतं, शेवटी ती आत जाते की नाही, तेही होतं... पण कितीही ताण दिला तरी डोळ्यांपुढे येत होतं ते एकच वाक्य, भिंतीवरचं, निळ्या ऑइलपेंटमधलं, आणि तेही त्यांनी केलं तसं.

"आठवत नाही, मावशी," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुन्हा टीव्हीकडे बघू लागली.

ते दुकान आता नाही, भिंतही पडली. मी अजून लिहिते. मासिकं साभार परत पाठवतात, नातेवाईक 'छंद चांगला आहे' म्हणतात, आणि टीव्हीवर साबण घेऊन बायका अजून नाचतायत. एखादं चांगलं वाक्य सुचलं तर मी ते गोष्टीच्या सुरुवातीला ठेवत नाही, मध्ये कुठेतरी, सहज उचलता येणार नाही असं दडवून ठेवते. मावशीची गोष्ट पुन्हा लिहायला मात्र कितीदा तरी बसले. दर वेळी दार येतं, टोपली येते, बोंबलांवरचा तो निळा उजेडही येतो, आणि शेवटी ती आत गेली का, तेवढं आठवत नाही.