पहिलं आडनाव, मग खोली

किल्ली घरमालकानं कुलपात घातली होती. फक्त फिरवायची राहिली होती.

"आडनाव काय म्हणल्या तुम्ही?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. आता सांगितलं.

किल्ली बाहेर आली. न फिरवता. "अरे हो! ही खोली तं जावयानं सांगून ठेवली हाय. माह्या ध्यानातूनच गेलं पाहा." किल्ली खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवला. जशी काही मी ती हिसकावूनच घेणार होते.

मी खाकी गणवेशात होते. ड्युटी संपवून थेट आले होते. माझ्यामागे फाटकाला धरून माय उभी होती. तिच्यासाठीच तर खोली पाहिजे होती. मायला मी म्हटलं, चाल. ती काही विचारायच्या आधीच चालू लागली होती. तिला कळायला वेळ लागत नाही. तिनं असे हात जन्मभर पाहिले आहेत.

मी एसटीत कंडक्टर आहे. हिंगणघाट डेपो. समुद्रपूरची फेरी बहुतेक माझ्याकडेच असते. त्या माणसाचं घर त्याच रस्त्यावर. त्यानंतर कितीतरी दिवस मी बसमधून पाहत होते, त्याच्या फाटकावर पाटी तशीच लटकत होती. खोली भाड्याने देणे आहे. जावई काही आला नाही.

एकदा तोच माणूस बसमध्ये चढला. मी तिकीट द्यायला गेले. त्यानं मला ओळखलं. मान खिडकीकडे वळवली आणि म्हणाला, "समुद्रपूर एक द्या ताई."

बसमध्ये मी ताई होते. त्याच्या दारात नुसतं आडनाव.

आमची खोली सरकीच्या गोदामावर आहे. वर टीन. बाहेरून लोखंडी जिना, उभा. उन्हाळ्यात कठड्याला हात लावला तर पोळतो. संडास खाली, गोदामाच्या मागे. हमालांचा आणि आमचा एकच. कडी आतून लागत नाही. मी बाहेर उभी राहते तेव्हा माय आत जाते. मी ड्युटीवर असले की कोण उभं राहणार?

मायचे गुडघे गेले आहेत. कापूस वेचताना, निंदण करताना, वाकून वाकून गेले. बाप लवकर वारला, मग तिनं एकटीनं मला शिकवलं. गावात घर पडलं तेव्हा मी तिला इकडे आणलं. वाटलं होतं, आता आराम करेल. ती जिना बसून उतरते. एक पायरी, मग दुसरी. लहान लेकरू उतरतं तशी. खाली हमाल पोती उचलता उचलता थांबतात आणि दुसरीकडे पाहतात. ते भले आहेत म्हणून नजर वळवतात. तरी मायला लाज वाटतेच.

म्हणून तिनं एक युक्ती काढली. पाणीच प्यायची नाही. मी घरी नसले की दिवसभर कोरडी. मला माहीत नव्हतं. वर्ध्याचा उन्हाळा, टिनाखाली, आणि माझी माय तहान मारून बसलेली. ताप आला, लघवीला जळजळ झाली, डॉक्टरांनी विचारलं, दिवसात पाणी किती पिता, तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाले, आजी, भरपूर पाणी प्या. माय हसली. डॉक्टरांना वाटलं, आजी समजदार आहेत.

तेव्हापासून मी खोली शोधतेय. खालची पाहिजे. संडास आत पाहिजे. माझ्या पगारात बसली पाहिजे. एवढंच. हायवेकडच्या नव्या बिल्डिंगांमध्ये आडनाव विचारत नाहीत म्हणे. तिथलं भाडंच असं आहे की विचारायची गरज पडत नाही. आमच्या लोकांच्या वस्तीत पाहिलं. तिथं ज्याच्या त्याच्या घरी त्याचीच माणसं मावत नाहीत, भाड्यानं काय देणार? उरली ही मधली घरं. पुढे तुळस, मागे भाड्याच्या खोल्या, आणि फाटकावर पाटी.

त्या घरांमध्ये काय काय ऐकलं. "मटन-मच्छी खाता काय?" नाही म्हटलं तरी, "नाई, पन तुमच्यात खातेत नं." एक म्हणाली, "माह्यं काई नाई हो, सासूबाई हायेत नं." सासूबाई समोरच खुर्चीत बसून झोपल्या होत्या. एकानं फोनवर सगळं ठरवलं, नाव ऐकलं आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही. नाही म्हणून तोंडावर कोणीच म्हणत नाही. कुठे सासू असते, कुठे जावई, कुठे रंगकाम. भांडायचं तर कोणाशी भांडायचं? रंगाशी?

मग आमच्या गाडीच्या ड्रायव्हरनं एक घर सांगितलं. म्हातारी बाई, एकटी, पोरगा पुण्यात. खालच्या दोन खोल्या रिकाम्या. मायला घेऊन गेले. सुट्टीचा दिवस होता. निघताना मायनं नवं लुगडं नेसलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात बुद्धाचं पदक असतं तिच्या. ते तिनं पोलक्याच्या आत सारलं. मी पाहिलं. वाटलं, घामानं सारलं असेल.

ती घरमालकीण काकू खरंच चांगली दिसली. गोरी, ठेंगणी, बोलकी. मायचा हात धरून पायरी चढवली. "या नं आजी, हळू या. माह्येही गुडघे असेच दुखून राह्यले." खोल्या दाखवल्या. खिडकीत वारा. आणि आत, खोलीला लागूनच, खुर्चीचा संडास. बाजूला भिंतीत धरायला दांडा. काकूच्या नवऱ्यासाठी बसवला होता, तो वारला.

मायनं दांड्याला हात लावला. मग नळ उघडला. पाणी आलं. तिनं बंद केला. पुन्हा उघडला. माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं मी काय सांगू. तिच्या तोंडावर इतकी आशा मी माझी नोकरी लागली तेव्हाही पाहिली नव्हती.

आम्ही बसलो. काकूनं चहा आणला. चांगल्या कपात. आणि बसता बसता विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

मी तोंड उघडलं. माय माझ्याआधी बोलली.

तिनं एक आडनाव सांगितलं. आमचं नाही. गावात ज्यांच्या वावरात तिनं जन्मभर कापूस वेचला, ज्यांच्या विहिरीवर तिला वरून ओंजळीत पाणी ओतायचे, त्या मालकांचं आडनाव.

काकू खुलली. "अगं बाई! म्हनजे आपल्यातलेच! मंग काई प्रश्नच नाई." आणि जवळ सरकून बोलू लागली. आपल्या माणसाजवळ बोलतात तसं. "काल एक जोडपं आलतं. नवरा मास्तर म्हने. बायको चांगली नीटनेटकी. पन नाव ऐकलं अन् म्हनलं, नाई बाप्पा. हे लोक कितीबी शिको, यायच्या घरात एक वासच येते. हो का नाई आजी?"

मायनं मान हलवली.

"हो नं," माय म्हणाली. "येते."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. माझी माय. जिनं मला शाळेत पाठवताना रोज सांगितलं होतं, पोरी, कोणासमोर मान खाली घालू नको. आपण कोणाहून कमी नाही. ती माय एका नळासाठी, एका दांड्यासाठी स्वतःच्या अंगाला वास येतो म्हणून हो म्हणत होती. हसत हसत.

मी गप्प बसले असते तर त्या दिवशी संध्याकाळी सामान आणता आलं असतं. हे मला माहीत होतं. मग रोज ती मान हलली असती. रोज त्या घरात तिनं स्वतःला शिव्या द्यायच्या, आणि तिच्या तोंडून निघालेल्या त्या शिव्यांवर मी जगायचं.

"काकू," मी म्हटलं, "आमचं आडनाव ते नाही. माय घाबरली म्हणून बोलली. काल जे जोडपं आलतं ना, त्यांच्यातलेच आम्ही. आम्ही बौद्ध आहोत."

काकूनं आधी मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पन तुम्ही तशा दिसत नाई," ती म्हणाली.

मग तिचा आवाज चढला. "असं खोटं बोलून घुसता काय लोकायच्या घरात?"

"खोटं बोललो तेव्हा तुम्ही आपल्यातले म्हणून जवळ सरकलात," मी म्हटलं. "खरं बोललो असतो तर?"

"चहा तं मी कोनालेबी देतो. आमच्या घरी असं काई नाई."

"मग खोलीही द्या."

मी वाट पाहिली. तिनं मायच्या पुढचा कप उचलला. अर्धा चहा तसाच होता.

बाहेर आलो. ऊन होतं. माय भिंतीला धरून चालत होती. मी हात दिला तर झटकला.

"कोनं सांगतलं होतं तुले बोलाले?"

"माय, तू तिले हो म्हनत होती."

"मी म्हनत होती नं? मले म्हनू द्यायचं होतं. माह्यं तोंड होतं ते." ती रस्त्यातच थांबली. माणसं पाहू लागली. "तुह्या इज्जतीनं माह्ये गुडघे चालतेत काय? सांग!"



गोदामाशी आलो. ती जिना चढली. चढतानाही बसूनच, उलटी, हातांनी अंग वर ओढत. नवं लुगडं पायरीच्या गंजानं लाल झालं. मी खाली उभी. तिनं मला जवळ येऊ दिलं नाही. वर पोचल्यावर ती दारात बसली, दम खाल्ला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्यायचं नाव घेतलं तवा त्यायच्या विहिरीचं पानी आठोलं मले." मग आत गेली. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. मला माफ केलं असंही नाही.

मी विचार करत राहिले. बसमध्ये तिकिटं फाडताना, डेपोत हिशेब देताना. आम्ही खोटं का बोललो? कारण खरं बोलायला जागाच ठेवली नाही कोणी. आणि ते? ते तर आमच्यापेक्षा जास्त खोटं बोलतात. जावई, सासू, रंग. आमचं खोटं गरजेतून आलं होतं, त्यांचं मऊ गादीवर बसून. आणि मी काय करत आले? ते जावयाचं नाव घेत आणि मीच म्हणे, बरं, काही हरकत नाही. आभार मानून फाटक लावून घेई. त्यांची लाज मीच झाकत होते.

ते बंद केलं.

आता मी फाटकाच्या आत पाय ठेवायच्या आधी बोलते. काल एका घरी गेले. नवं घर, पाटी ताजी. मालक ओसरीत पेपर वाचत होता.

"मी एसटीत कंडक्टर आहे. घरी मी आणि माय. आम्ही बौद्ध आहोत. खालची खोली पाहिजे."

तो दचकला. पेपरची घडी केली. "पाहतो... घरात विचारून सांगतो. फोन नंबर ठेवून जा."

"नंबर नाही ठेवत. विचारून या. मी थांबते."

"आता कशाले थांबता? उन्हात..."

"उन्हाची सवय आहे. द्यायची असेल तर हो म्हणा. द्यायची नसेल तर नाही म्हणा, आणि कशासाठी नाही तेही म्हणा. इथंच. माझ्या तोंडावर."

तो आत गेला. दार लागलं. शेजारची बाई धुणं वाळवता वाळवता थांबली. समोरच्या दुकानातून दोघं पाहू लागले. मी फाटकाच्या बरोबर मध्ये उभी राहिले.

खोली मिळणार नाही हे मला माहीत होतं. पण या वेळी नाही म्हणायचं काम त्याचं होतं, आणि ते त्यानं करेपर्यंत मी तिथून हलणार नव्हते.