रोवलेला पाय

झाशीला आमच्या रेल्वे क्वार्टरसमोरच मैदान होतं. तिथे एक ताई रोज सकाळी नेटबॉल खेळायची, आणि माझा चहा तिला बघत बघतच व्हायचा. चेंडू झेलला की ती एक पाय जमिनीत रोवायची आणि त्याच पायावर गिरकी घेत, कुणाला द्यायचा ते शोधायची. सवय इतकी मुरलेली, की सदर बाजारात भाजीवाल्याने कोबी हातात ठेवला तरी पाय रोवला जायचा! मला भारी हसू यायचं.

एक दिवस कळलं, ती आता खेळणं सोडून मुलींना शिकवणार. न राहवून मी कुंपणाशी गेले. "दीदी, बुरा नहीं लगेगा?"

"लगेगा क्यों नहीं?" ती म्हणाली. "पर हमारे खेल में गेंद लेकर दौड़ना मना है. मिली, तो रुको और आगे दे दो."

इतक्या वर्षांनी, परवा टीव्हीवर भारताच्या मुलींचा नेटबॉलचा सामना लागला होता. रेषेबाहेर पिकल्या केसांची प्रशिक्षिका उभी होती. चेंडू बाहेर आला, तिने झेलला, आणि तिचा एक पाय रोवला गेला.

"आजी, नीचे नाम आया था उनका, पढ़ा?" नातीने विचारलं.

नाव कुठलं वाचतेय! मी पाय बघत होते.