एकविसाव्या पानावरचा लाडू

आमच्या गंगापूर रोडच्या वाचनालयात एक पाटी होती : पुस्तकावर लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द होईल. त्या पाटीखालीच उभं राहून आई एकविसाव्या पानावर पेन्सिलीने लाडू काढायची. लाडू म्हणजे छोटं वर्तुळ. हे वाचून झालंय, पुन्हा घरी न्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ढिगाने कादंबऱ्या फस्त करणाऱ्या बाईला त्यांची नावं कशी लक्षात राहणार?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची खूण होती फुली, तीही त्याच पानावर. पुस्तक रटाळ असेल तर दोन फुल्या. हा इशारा खास आईसाठी. आई मात्र दोन फुल्यांचं पुस्तक हटकून आणायची, शेवटपर्यंत वाचायची आणि मग भाजीवालीच्या टोपलीपाशी दोघींची जुंपायची.

"काय हो, एवढं चांगलं पुस्तक, दोन फुल्या कसल्या मारल्यात?"

"तुम्हाला रडारड आवडते, त्याला मी काय करू?"

भाजीवाली बिचारी मेथीची जुडी हातात धरून ताटकळायची. पुस्तकात लाडवाच्या आधी फुली पडलेली दिसली, की आई दिवसभर धुसफुसायची. "ह्या बाईला घरात कामं नसतात का?"

दोन हजार साल उलटल्यावर काकू गेल्या. आई रडली नाही. वाचनालयात जाऊन तिने एकेक पुस्तक एकविसाव्या पानावर उघडलं, फुली पाहिली, मिटलं आणि रिकाम्या हाताने घरी आली. पुढे तो तिचा नेमच झाला. मला वाटायचं, तिला पुस्तकं आवडेनाशी झाली. मी मठ्ठच.

मग वाचनालयाला आधुनिक व्हायची उबळ आली. जुनी पुस्तकं स्कॅन झाली, पिवळे कागद रद्दीत गेले आणि सभासदांच्या हाती सीडी आल्या. चिटणीस भलतेच खुशीत होते. "वहिनी, कॉम्प्युटरवर पानं नुसती धुऊन काढली. एक डाग ठेवला नाही!" आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चहा सांगायचाच विसरले.

मी सातपूरला कारखान्यात नोकरीला होतो आणि घरात कॉम्प्युटर होता, मुख्यतः पत्ते खेळायला. मी सीडी घातली.

"एकवीस काढ," आई म्हणाली.

काढलं. पान पांढरंफटक. दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं, तेच. चिटणिसांच्या त्या स्वच्छतेचा मला असा संताप आला, की त्यांनाच एकदा धुऊन काढावंसं वाटलं. सीडीवर नावं लिहायचा मार्कर आईने उचलला आणि सरळ पडद्यावर लाडू काढला.

"अगं आई, ती काच आहे! पान नाही!"

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले." लाडवाशेजारी तिने एक फुली मारली. मी फडकं आणलं, तर हातावर फटका बसला.

मग ती पडद्यावरच वाचू लागली, डोळे चोळत, चिटणिसांचा उद्धार करत. कुठलंही पुस्तक, कुठलंही पान काढा, कोपऱ्यात लाडू आणि फुली हजर. एकदा एक कादंबरी निम्म्यावर आली असताना ती थांबली, मार्कर मागितला आणि फुलीला जोडून दुसरी फुली मारली.

"काकूंनी मारलीच असती," म्हणाली, आणि मला पुढचं पान काढायला लावलं.